असर्शन पडतं, दिसतो मात्र टाइमआउट: प्रॉमिसवाल्या टेस्टचं नेहमीचं दुखणं

जावास्क्रिप्टची एखादी टेस्ट लाल होते, म्हणजे नापास होते, आणि मोका हा टेस्ट रनर (टेस्ट चालवणारं साधन) सांगतो की २००० मिलिसेकंदांची मुदत संपली, डन (टेस्ट संपल्याचं रनरला कळवणारं फंक्शन) बोलावलंय का ते पाहा. रक्कम किती यायला हवी होती आणि आली किती, याबद्दल चकार शब्द नाही. टीममधलं कोणीतरी म्हणतं, सीआयचं (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणारं) मशीन हळू आहे, मुदत वाढवा. मुदत १०००० होते. आता तीच टेस्ट दहा सेकंद ताटकळते आणि तोच संदेश देते.

दुसऱ्या एखाद्या रेपोमध्ये (कोडच्या भांडारात) याच्या उलट. टेस्ट कायम हिरवी. अपेक्षित रक्कम ५३१ च्या जागी ९९९ लिहिली तरी हिरवीच. ही टेस्ट काहीच तपासत नाही, हे कळायला कधी कधी वर्ष जातं, कारण हिरव्या टेस्टकडे कोण बघतो?

दोन्हीकडे बिघाड एकच आहे. असर्शन, म्हणजे टेस्टमधली अपेक्षित मूल्याची तपासणी, पडलं, पण ती खबर टेस्ट रनरपर्यंत पोचली नाही. खालचं विवेचन मोका आणि चाई (असर्शनची लायब्ररी) या जोडीवर बेतलंय; जेस्ट आणि व्हिटेस्ट हे दुसरे रनर आणि नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचा) स्वतःचा टेस्ट रनर यांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. कोडचे तुकडे देवनागरीत आहेत, फाइलमध्ये ते नेहमीच्या अक्षरांत जातील. (व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवली तर जावास्क्रिप्टची हरकत नसते. कीवर्डना मात्र ही सवलत नाही.)

खबर हरवते कुठे

असर्शन म्हणजे काही वेगळी यंत्रणा नव्हे. अपेक्षा जुळली नाही की ते एक एरर थ्रो करतं, एवढंच. साध्या टेस्टमध्ये रनरने तुमचं फंक्शन ट्राय-कॅचमध्ये गुंडाळलेलं असतं. थ्रो झालेला एरर वर जातो, रनर तो पकडतो आणि टेस्ट लाल करतो.

असिंक्रोनस टेस्टमध्ये, म्हणजे जिथे निकाल नंतर येतो तिथे, असर्शनची पाळी येते तेव्हा टेस्टचं फंक्शन कधीच परतलेलं असतं. रनरचं ट्राय-कॅच उठून गेलेलं असतं. तरीही जुन्या कॉलबॅकच्या दिवसांत मोकाचं काम चालायचं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सेटटाइमआउटच्या किंवा फाइल वाचण्याच्या कॉलबॅकमध्ये असर्शन पडलं तर तो एरर कोणीच न पकडल्यामुळे थेट प्रोसेसच्या पातळीवर पोचतो. मोका तिथे कान लावून बसलेला असतो आणि तो एरर त्या क्षणी चालू असलेल्या टेस्टच्या नावावर मांडतो. म्हणून डन घेऊन कॉलबॅकमध्ये असर्शन लिहिण्याची सवय लागली आणि ती निभावूनही गेली.

प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या निकालाची जागा धरणारी वस्तू, आलं आणि ही वाट बंद झाली. निकाल आल्यावर काय करायचं ते देन या मेथडला सांगायचं असतं. देनला दिलेल्या फंक्शनमध्ये काहीही थ्रो झालं तर ते बाहेर उडत नाही. त्या देनने परत दिलेलं नवं प्रॉमिस रिजेक्ट होतं, म्हणजे अपयशी ठरतं. हा नियम प्रॉमिसेस-ए-प्लस या तपशिलात होता आणि २०१५ च्या एक्मास्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या प्रमाण नियमांत) तो भाषेचाच भाग झाला. प्रॉडक्शन कोडसाठी नियम उत्तम आहे, पण टेस्टमध्ये त्याचा अर्थ असा की असर्शनचा एरर त्या नव्या प्रॉमिसच्या खिशात जातो. ते प्रॉमिस कोणाच्याच हातात नसेल तर खिसा तपासणारही कोणी नाही.

म्हणजे जुनी सवय तशीच उचलून प्रॉमिसवर लावली की असं होतं:

इट('करासह रक्कम येते', (डन) => {
  ऑर्डरआणा(१०१).देन((ऑर्डर) => {
    एक्स्पेक्ट(ऑर्डर.एकूण).टू.इक्वल(५३१);
    डन();
  });
});

मूळ रक्कम ४५०, त्यावर १८ टक्के कर, म्हणून ५३१. कर लावणारी ओळ कोणी खोडली आणि एकूण ४५० आलं, तर असर्शन थ्रो करतं. त्यामुळे डनची ओळ कधी चालतच नाही. रनर डनची वाट बघत बसतो आणि मुदत संपल्यावर टाइमआउट दाखवतो. टेस्ट पडली हे खरं, पण कारण खोटं सांगितलं गेलं. कर लावणारा कोड तपासायचं सोडून माणूस डेटाबेसच्या कनेक्शन पूलमध्ये डोकं घालतो.

अलीकडच्या मोकामध्ये असं वाऱ्यावर सुटलेलं रिजेक्शन पकडून टेस्ट पाडण्याची सोय आहे, त्यामुळे काही ठिकाणी तुम्हाला खरा एरर दिसेलही. तिच्या भरवशावर राहू नका. साखळीत पुढे कुठेही एखादा कॅच असला की ती सोय निकामी होते.

आधी टेस्ट मुद्दाम पाडा

दुरुस्तीला हात घालण्याआधी अपेक्षित मूल्य मुद्दाम चुकीचं करून टेस्ट एकटीच चालवा. तीनपैकी एक काहीतरी दिसेल. आकडे दाखवणारा नीट एरर आला तर वाट शाबूत आहे. तुमचा टाइमआउट खराच टाइमआउट असण्याची शक्यता मोठी. टाइमआउट आला तर टेस्ट डनवाली आहे किंवा तिच्यातलं एखादं प्रॉमिस कधीच निकालाला येत नाही. टेस्ट हिरवीच राहिली तर असर्शनवर कोणाचाच ताबा नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, पण शोधायला सोपा. असर्शनच्या आदल्या ओळीत एक लॉग टाका. लॉग दिसलाच नाही तर असर्शनपर्यंत कोड पोचतच नाही. टेस्टच्या हिरव्या टिकेनंतर दिसला तर रनर न थांबता पुढे गेला. जेस्ट अशा वेळी स्वतःच कुरकुरतो की टेस्ट संपल्यावर लॉग करता येणार नाही, तुम्ही कशाची तरी वाट पाहायला विसरलात का. हा संदेश लोक गोंगाट समजून सोडून देतात. तो दिसला की थांबून बघावं.

दुरुस्ती: प्रॉमिस रनरच्या हातात द्या

रनरला असिंक्रोनस निकाल कळायचे मार्ग दोनच: टेस्टने परत दिलेलं प्रॉमिस, किंवा एररसह बोलावलेलं डन. मोकाला पहिला मार्ग १.१८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून कळतो. प्रॉमिसवाल्या कोडसाठी आज दुसरा मार्ग वापरायचं कारण मला तरी दिसत नाही.

इट('करासह रक्कम येते', असिंक () => {
  कॉन्स्ट ऑर्डर = अवेट ऑर्डरआणा(१०१);
  एक्स्पेक्ट(ऑर्डर.एकूण).टू.इक्वल(५३१);
});

अवेट प्रॉमिसचा निकाल येईपर्यंत थांबतं, आणि असिंक फंक्शन नेहमी प्रॉमिसच परत देतं. असर्शन पडलं की ते प्रॉमिस रिजेक्ट होतं, रनरला एरर जसाच्या तसा मिळतो आणि ५३१ व ४५० समोरासमोर दिसतात.

देनची साखळीच ठेवायची असेल तर पुढे रिटर्न लावा. इथे बाणाच्या फंक्शनचा महिरपी कंस दगा देतो. कंस नसेल तर बाणानंतरची गोष्ट आपोआप परत जाते. कोणी मध्ये लॉगची ओळ घालायला कंस उघडला आणि रिटर्न लिहायचं राहिलं, की टेस्ट त्या क्षणापासून कायमची हिरवी. पीआर (मर्ज करण्याआधी तपासायला दिलेला बदल) बघणाऱ्याला डिफमध्ये फक्त एक लॉग वाढलेला दिसतो.

डन ठेवणं भागच असेल, उदाहरणार्थ जुन्या हेल्पर लायब्ररीची तशी मागणी असेल, तर असर्शनवाल्या देननंतर आणखी एक देन जोडा आणि त्याला दोन फंक्शनं द्या: यशासाठी () => डन(), अपयशासाठी नुसतं डन. यशाच्या जागीही नुसतं डन दिलंत तर मागच्या देनने परत दिलेली व्हॅल्यू डनला मिळते. मोका तिला एरर समजतो आणि एरर नसलेल्या गोष्टीसह डन बोलावल्याची तक्रार करतो. आणि कॅच(डन) शेवटी लावून वर असर्शनच्या खाली डन() तसंच ठेवलंत, तर त्या डननंतरच्या ओळीत काही फुटल्यावर डन दोनदा बोलावलं जातं.

दोन्ही मार्ग एकदम वापरता येत नाहीत. २०१६ मधल्या मोका ३ पासून डन घ्यायचं आणि प्रॉमिसही परत द्यायचं असं केलं, तर रनर सरळ सांगतो की निकाल कळवायची पद्धत गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितली आहे, एक काहीतरी ठरवा. जेस्टचा आताचा रनर आणि नोडचा रनरही हे चालवून घेत नाहीत. हा एरर बहुतेक वेळा अर्धवट स्थलांतरात येतो: फंक्शनला असिंक लावलं, आत अवेट लिहिलं, पण डन पॅरामीटर तसाच राहिला. डन आणि त्याची सगळी बोलावणी काढून टाका.

हिरवी टेस्ट, पण भलतीच टेस्ट लाल

टेस्टने डनही घेतलं नाही आणि प्रॉमिसही परत दिलं नाही, तर रनरच्या दृष्टीने ती साधी टेस्ट. फंक्शन परतलं, एरर नाही, पास. मागे राहिलेलं प्रॉमिस थोड्या वेळाने रिजेक्ट होतं, तोवर रनर पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या टेस्टवर असतो.

मग काय होतं हे नोडच्या आवृत्तीवर आणि रनरवर अवलंबून असतं. २०२० मध्ये आलेल्या नोड १५ च्या आधी असं रिजेक्शन फक्त एक इशारा छापून मोकळं व्हायचं. नोड १५ पासून ते न पकडलेल्या एररसारखं वागतं आणि कोणी हाताळलं नाही तर प्रोसेस बंद पाडतं. त्यामुळे नोड अपग्रेड केल्यावर अचानक टेस्ट पडायला लागल्याच्या तक्रारी येतात. नोडने काही मोडलेलं नसतं, आधीपासून पडत असलेली असर्शनं आता ऐकू येऊ लागली एवढंच. व्हिटेस्ट अशी रिजेक्शनं गोळा करून शेवटी दाखवतो, आणि सगळ्या टेस्ट हिरव्या असल्या तरी पूर्ण रन नापास करतो. ते पाहून लोक गोंधळतात, पण वागणं बरोबर आहे.

ओळखायची खूण: टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांसोबत चालवली की नापास, आणि दर वेळी लाल होणाऱ्या टेस्टचं नाव वेगळं. अशा वेळी टेस्टचं नाव वाचूच नका. स्टॅक ट्रेसमधली (एरर कुठून आला ते दाखवणाऱ्या यादीतली) फाइल आणि ओळ वाचा, गुन्हेगार तिथे असतो. स्टॅक अपुरा वाटला तर नोडला अनहँडल्ड-रिजेक्शन्स हा पर्याय स्ट्रिक्ट ठेवून चालवा, म्हणजे रिजेक्शन पहिल्याच ठिकाणी एरर होऊन वर येईल.

प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या बिफोरईच हुकमध्येही हेच होतं. डेटाबेसमध्ये नोंदी घालणारं प्रॉमिस हुकने परत दिलं नाही, तर टेस्ट नोंदी पडायच्या आत सुरू होते. वेगवान लॅपटॉपवर पास, सीआयवर नापास, आणि दोष सीआयला. टेस्टचा गट बांधणाऱ्या डिस्क्राइबला असिंक लावणं त्याहून फसवं. मोका त्याची वाट पाहत नाही, त्यामुळे अवेटनंतर लिहिलेल्या टेस्ट नोंदवल्याच जात नाहीत. लाल काही दिसत नाही, फक्त टेस्टची एकूण संख्या घटते, आणि ती संख्या कोणी पाठ केलेली नसते. जेस्ट निदान एरर देतो. डिस्क्राइब साधाच ठेवा, असिंक कामं हुकमध्ये न्या.

एरर यायलाच हवा, अशा टेस्ट

खरी घाण इथे साठते. साठा संपलेल्या वस्तूची ऑर्डर नाकारली जायला हवी, अशी टेस्ट लिहायची आहे. पहिला प्रयत्न सहसा असा असतो:

रिटर्न ऑर्डरनोंदवा(संपलेलीवस्तू).कॅच((ए) => {
  एक्स्पेक्ट(ए.मेसेज).टू.इक्वल('साठा संपला');
});

रिटर्न आहे, असर्शन आहे, सगळं शहाण्यासारखं दिसतं. पण ऑर्डर नाकारलीच गेली नाही तर कॅच चालतच नाही, प्रॉमिस सुखरूप रिझॉल्व्ह होतं आणि टेस्ट पास. म्हणजे जो बग पकडायला टेस्ट लिहिली, नेमका त्याच बगला ती पास करते.

यावर लोक ट्राय-कॅच लिहितात: ट्रायमध्ये अवेट, त्याच्या खाली असर्ट.फेल, आणि कॅचमध्ये तपासणी. इथे फेलने थ्रो केलेला एरर खालचाच कॅच पकडतो. कॅचमध्ये नेमका संदेश तपासत असाल तर टेस्ट पडेल तरी, पण एरर विचित्र दिसेल. कॅचमध्ये नुसतं एरर आहे ना, एवढंच बघत असाल तर टेस्ट कायमची हिरवी. जेस्टमध्ये याला आणखी एक पदर आहे. जेस्ट २७ पासून सर्कस हा रनर मूळ धरला जातो आणि त्यात फेल नावाचं ग्लोबल फंक्शन नाही. टाइपस्क्रिप्टच्या टाइपमध्ये ते दिसलं तरी चालवताना फेल व्याख्यित नसल्याचा एरर येतो, आणि तो एररही तुमचा कॅच गिळून टाकतो.

हे सगळं टाळणारी लिहिण्याची रीत प्रत्येक लायब्ररीत आहे. जेस्ट आणि व्हिटेस्टमध्ये एक्स्पेक्ट(प्रॉमिस).रिजेक्ट्स.टूथ्रो, चाईसाठी चाई-अॅज-प्रॉमिस्ड प्लगइनमधलं रिजेक्टेडविथ, आणि नोडच्या असर्ट मॉड्यूलमध्ये आवृत्ती १० पासून असर्ट.रिजेक्ट्स. तिन्ही स्वतः प्रॉमिस परत देतात, म्हणून तिन्हींच्या आधी अवेट हवंच. अवेट विसरलात तर पुन्हा खोटी हिरवी टेस्ट. व्हिटेस्ट ३ अवेट न केलेल्या अशा असर्शनबद्दल इशारा देतो. बाकीच्यांवर विसंबू नका.

आणखी दोन बारकावे. पहिला, असिंक फंक्शन कधीच लगेच थ्रो करत नाही, ते रिजेक्ट झालेलं प्रॉमिस परत देतं. म्हणून चाईचं टू.थ्रो असिंक फंक्शनवर नेहमी पडतं. तिथे माणूस निदान चौकशी तरी करतो. पण टू.नॉट.थ्रो किंवा असर्ट.डझनॉटथ्रो असिंक फंक्शनवर नेहमी पास होतं. रेपोमध्ये हे दोन शब्द एकदा शोधून बघा.

दुसरा, टूथ्रो रिकामं ठेवू नका. फंक्शनच्या नावात टायपो झाला आणि टाइपएरर आला, तरी रिकामं टूथ्रो समाधान मानतं. संदेशाचा एखादा भाग किंवा एररचा क्लास द्या. संदेश शब्दशः तपासावा असं माझं म्हणणं नाही, कारण मजकूर बदलला की टेस्ट उगाच पडतात. एररवर कोड नावाची प्रॉपर्टी असेल तर ती तपासणं सगळ्यात टिकाऊ.

साखळीत कॅच ठेवावाच लागला तर असर्शन किती चालायला हवीत ते आधी जाहीर करा. जेस्टमध्ये एक्स्पेक्ट.असर्शन्स(१), नोडच्या रनरमध्ये आणि एव्हा या रनरमध्ये प्लॅन. एव्हा तर एकही असर्शन नसलेली टेस्ट मुळातच नापास करतो, आणि ही मूळ सेटिंग मला सगळ्या रनरमध्ये हवी होती.

लूपमधली असर्शनं

फॉरईचला असिंक कॉलबॅक दिला की फॉरईच त्याने परत दिलेली प्रॉमिसं फेकून देतं. बाहेर कितीही अवेट लावा, उपयोग नाही. फॉर-ऑफ वापरा, किंवा मॅप करून प्रॉमिस.ऑल अवेट करा. प्रॉमिस.ऑल पहिल्या रिजेक्शनवरच थांबतं आणि बाकीची पडलेली असर्शनं गुपचूप गिळतं. सगळी यादी हवी असेल तर ऑलसेटल्ड वापरा आणि मग रिजेक्ट झालेल्यांची यादी रिकामी आहे का ते तपासा. ऑलसेटल्ड स्वतः कधी रिजेक्ट होत नाही, त्यामुळे ती शेवटची तपासणी राहिली तर टेस्ट पुन्हा आंधळी.

यादीच रिकामी आली तर? लूप एकदाही फिरत नाही, असर्शन एकही नाही, टेस्ट पास. लूपच्या आधी यादीची लांबी तपासा.

असर्शन परक्या कॉलबॅकमध्ये

आतापर्यंतचं सगळं सांभाळूनही टेस्ट टाइमआउट देत असेल तर बहुधा असर्शन अशा कॉलबॅकमध्ये बसलंय, जो दुसराच कोड बोलावतो.

हाताने बनवलेलं प्रॉमिस हे पहिलं संशयित. न्यू प्रॉमिसला दिलेल्या फंक्शनमध्ये लगेच थ्रो झालं तर प्रॉमिस रिजेक्ट होतं, पण आतल्या सेटटाइमआउटमध्ये किंवा इव्हेंटच्या कॉलबॅकमध्ये नंतर थ्रो झालं तर नाही. आणि त्या फंक्शनलाच असिंक लावलं असेल तर आतलं असर्शन भलतंच प्रॉमिस रिजेक्ट करतं, तुम्ही ज्याची वाट पाहताय ते तसंच लटकून राहतं. टाइमआउट पक्का.

इलाज असा की कॉलबॅकने फक्त व्हॅल्यू बाहेर आणून द्यावी, आणि असर्शन टेस्टच्या अंगात, अवेटच्या खाली लिहावं. इव्हेंटसाठी नोडच्या इव्हेंट्स मॉड्यूलमध्ये वन्स आहे:

कॉन्स्ट वाट = वन्स(रांग, 'संपलं');
रांग.सुरूकर();
कॉन्स्ट [निकाल] = अवेट वाट;
एक्स्पेक्ट(निकाल.पाठवलेल्या).टू.इक्वल(३);

क्रम महत्त्वाचा आहे. रांग आधी सुरू केली आणि इव्हेंट तिथल्या तिथे येऊन गेला, तर नंतर लावलेलं वन्स कायम वाट पाहत बसेल. आधी कान, मग आवाज. वाट पाहताना एरर नावाचा इव्हेंट आला तर वन्स रिजेक्ट होतं, तो फायदा वेगळाच.

दुसरं संशयित मॉक, म्हणजे टेस्टपुरता खऱ्या भागाच्या जागी ठेवलेला नकली भाग. पेमेंट गेटवेचं मॉक बनवताना त्याच्या आतच असर्शन लिहिलं की रक्कम ५३१ आली पाहिजे. रक्कम ४५० आली, मॉकने थ्रो केलं. पण मॉकला बोलावणारा तुमचा प्रॉडक्शन कोड ट्राय-कॅचमध्ये आहे, कारण गेटवे अधूनमधून फेल होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. त्याने असर्शनचा एरर नेटवर्कचा एरर समजून पकडला, लॉग केला आणि पुन्हा प्रयत्न केला. टेस्टने फक्त ऑर्डरची स्थिती 'प्रलंबित' आहे का एवढंच बघितलं असेल तर टेस्ट हिरवी. असर्शन पडलं, तेही प्रत्येक प्रयत्नात, आणि कोणालाच कळलं नाही. हा प्रकार वाचून सापडत नाही, कारण असर्शन डोळ्यांसमोर असतं.

म्हणून मॉकच्या आत असर्शन लिहायचंच नाही. मॉकने कोणत्या आर्ग्युमेंटसह बोलावलं ते नोंदवून ठेवावं. जेस्टचं एफएन किंवा सायनॉन या लायब्ररीचा स्टब हे आपोआप करतात. मुख्य काम अवेट झाल्यावर, टेस्टच्या अंगात, नोंदी तपासा. तिथे प्रॉडक्शन कोडच्या कॅचचा हात पोचत नाही.

तिसरा प्रकार टेस्टचा दोषच नाही. ऑर्डर नोंदवणारं फंक्शन आतून ईमेल पाठवायला सुरुवात करतं, पण ते प्रॉमिस परत देत नाही. टेस्टकडे वाट पाहायला काहीच नसतं. इथे १०० मिलिसेकंद झोप घालणं हा सर्रास चालणारा उपाय आहे, आणि सीआयवर कधीतरी पडणाऱ्या टेस्ट त्यातूनच निपजतात. प्रॉडक्शन फंक्शनने ते प्रॉमिस परत द्यावं, किंवा ईमेलचं काम हातात धरता येईल अशा रांगेत टाकावं. टेस्टिंग लायब्ररी वापरून स्क्रीन तपासत असाल तर वेटफॉर आहे. ते आतलं असर्शन पास होईपर्यंत मूळ सेटिंगनुसार दर ५० मिलिसेकंदांनी, १००० मिलिसेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा चालवतं, आणि शेवटी पडलेलं असर्शनच एरर म्हणून दाखवतं. त्याच्याही आधी अवेट हवंच.

खोटं घड्याळ

फेक टायमर (टेस्टच्या हुकमाने चालणारं नकली घड्याळ) चालू असतील आणि कोड टायमरची वाट पाहत असेल, तर घड्याळ पुढे ढकलल्याशिवाय प्रॉमिस निकालाला येणार नाही. हा खरा टाइमआउट, असर्शनशी संबंध नाही. टायमर आणि प्रॉमिस एकमेकांत गुंतलेले असतील तर जेस्ट २९.५ पासून मिळणारं अॅडव्हान्सटायमर्सबायटाइमअसिंक वापरा. नुसतं जुनं फंक्शन घड्याळ ढकलतं, पण मधल्या देनना पाळी देत नाही.

लिंटला पहाऱ्यावर बसवा

यातल्या बऱ्याच गोष्टी माणसाने डोळ्यांनी शोधू नयेत. ते काम लिंटचं, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचं. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटमधला नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम हातातून सुटलेलं प्रॉमिस दाखवतो. त्याला टाइपची माहिती लागते, लिंट हळू होतो, तरी टेस्टच्या फोल्डरवर तो लावाच. असिंक एक्झिक्युटर (न्यू प्रॉमिसला दिलेलं असिंक फंक्शन) पकडणारा नो-असिंक-प्रॉमिस-एक्झिक्युटर हा नियम ईएसलिंटच्या शिफारशीच्या संचातच आहे. जेस्टच्या प्लगइनमधले व्हॅलिड-एक्स्पेक्ट, व्हॅलिड-एक्स्पेक्ट-इन-प्रॉमिस आणि नो-कंडिशनल-एक्स्पेक्ट हे तीन नियम अवेट न केलेलं रिजेक्ट्स, परत न दिलेली साखळी आणि कॅचमध्ये लपलेलं असर्शन पकडतात. मोकाच्या प्लगइनमध्ये नो-रिटर्न-अँड-कॉलबॅक आहे. मॉकच्या आतलं असर्शन मात्र कुठलाच नियम खात्रीने पकडत नाही. ते पीआर वाचणाऱ्यालाच बघावं लागतं.

जुन्या रेपोत हे नियम एकदम चालू केले की लाल ओळींचा ढीग येतो आणि कोणीतरी सगळ्यांवर डिसेबलची कमेंट चिकटवून मोकळं होतं. त्यापेक्षा एकेक नियम घ्या. सुरुवात रिजेक्ट्स आणि कॅचवाल्या टेस्टपासून करा, कारण खोट्या हिरव्या टेस्ट तिथेच जास्त असतात. दुरुस्त केलेली प्रत्येक टेस्ट मर्ज करण्याआधी एकदा मुद्दाम पाडून बघा. यातल्या काही टेस्ट दुरुस्त होताच खऱ्याखुऱ्या पडतील, तेव्हा प्रॉडक्शनमधला बग आणि टेस्टची दुरुस्ती वेगवेगळ्या पीआरमध्ये ठेवा. डनवाल्या टेस्ट शेवटी घेतल्या तरी चालतील. त्या निदान टाइमआउट तरी देतात.